दरबारीचा अडाणा

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून भाचीचा फोन आला. "मामा, आजोबांच्या वहीतली दरबारीची चीज बसवलीय. ऐकतोस काय?"

ऐकतो म्हटलं. बाहेर पाऊस कौलांवर असा बडवत होता की फोन कानाला घट्ट दाबून धरावा लागला. पोरीचा आवाज गोड, तालाला पक्की. पण पहिल्याच ओळीत मी चमकलो. षड्जावरून जिथे खाली खर्जात उतरायचं, मंद्रातला कोमल निषाद, कोमल धैवत घेत पंचमावर टेकायचं, तिथे ही सरळ वर उडी मारून मधल्या सप्तकातल्या निषादावर जाऊन बसली. तिथून धैवत, मग पंचम. स्वर तेच, चीज तीच, पण राग बदलला. दरबारीचा अडाणा झाला!

ज्यांना या भानगडीत फारसं गम्य नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दरबारी कानडा आणि अडाणा हे एकाच घरातले दोन भाऊ. दोघांतही गंधार, धैवत, निषाद कोमल. पण दरबारी हा वडील भाऊ, खालच्या स्वरात, सावकाश, एकेका शब्दाचं वजन तोलत बोलणारा. त्याचा सगळा जीव मंद्र सप्तकात. अडाणा धाकटा, वरच्या पट्टीतला, चपळ. (अडाणी मात्र नव्हे, अडाण्यातल्या चिजा ऐकून पाहा.) या दोघांत फरक कशाचा, तर बराचसा हाच, की कुठल्या सप्तकात राहायचं. आणि कागदावर हे सप्तक कशाने दाखवतात? अक्षराखालच्या एका ठिपक्याने.

"अगं, ते मंद्रात आहे," मी म्हटलं.

"पण मामा, तू पाठवलेल्या पानावर ठिपके नाहीत."

मी म्हटलं, असं कसं होईल, मी स्वतः टाइप केलंय. फोन ठेवला, संगणक लावला, फाइल उघडली. आणि खरंच, पडद्यावर ठिपके नव्हते. पान चौपट मोठं केलं तर होते, आपापल्या जागी, एकही चुकलेला नाही. नेहमीच्या आकारात आणलं की कोमल स्वराखालची आडवी रेघ तेवढी दिसे, काहीशी जाड झालेली. ठिपका रेघेने गिळला होता.

म्हणजे चूक पोरीची नव्हती. फाइलीचीही नव्हती. माझी होती, कारण पाठवण्याआधी मी ते पान कागदावर छापून तपासलं होतं, आणि कागदावर सगळं ठीक होतं. ती ते वाचणार होती जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर, तंबोरा मांडीवर घेऊन, दोन हात लांबून. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेव्हापासून मी या एका प्रश्नाच्या मागे लागलोय. संगीताची लिपी पडद्यावर नीट का दिसत नाही? घरचे कंटाळले. "एका टिंबासाठी किती दिवस घालवणार?" असं दोनदा ऐकून झालं. पण मित्रहो, मला वाटतं की प्रश्न टिंबाएवढा लहान नाही.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती वही. पोर्तुगीज अमदानीतच त्यांनी लिहायला घेतली आणि पुढे वीसेक वर्षं लिहीत राहिले. ते काही मोठे गवई नव्हते. प्राथमिक शाळेत मास्तर, आणि संध्याकाळी देवळात पेटीला. गावात, शेजारच्या गावात, जत्रेला येणाऱ्या कलावंतांकडून जे ऐकलं, जे मागून मिळालं, ते त्यांनी भातखंडे पद्धतीने टिपून ठेवलं. त्यातल्या काही चिजा मी दुसरीकडे कुठे ऐकल्या नाहीत. ध्वनिमुद्रण नाही. अण्णा गेले. वहीला कसर लागली आहे, गोव्याच्या पावसात कागदाचं जे व्हायचं ते झालं आहे. म्हणून संगणकावर उतरवून काढायची, आणि घरातल्या पोरांना वाटायची, असा माझा बेत. आता सांगा, उतरवून काढताना दरबारीचा अडाणा होत असेल तर मी नेमकं काय वाचवतोय?

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी ही लिपी रूढ केली. आपण मराठी लोकांनी हे विसरू नये की 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे. बडोद्याला १९१६ साली त्यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं, आणि ही चिन्हं अर्ध्या हिंदुस्थानात पोचली. चिन्हं मोजकी आणि सोपी. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्राला खाली ठिपका, तार सप्तकाला वर ठिपका. एका मात्रेत जास्त स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. मींडेला वरून कमान. बस्स. हाताने लिहायला याहून सुटसुटीत काही नाही. पलुसकरांची पद्धत वेगळी. तिच्यात मंद्राचा ठिपका डोक्यावर असतो. त्यामुळे दोन्ही घराण्यांची पुस्तकं ज्याच्या घरात आहेत त्याचा आणखी एक घोटाळा होतो. पण ते असो.

हातात बोरू किंवा टाक असतो तेव्हा माणूस जागा पाहून लिहितो. अण्णांच्या वहीत मंद्र कोमल निषाद पाहा. अक्षर, मग थोडी मोकळी जागा, मग रेघ, मग पुन्हा जागा, मग खाली ठसठशीत ठिपका. खाली चंद्रकोर येणार असेल तर ती आणखी खाली. गर्दी झाली की त्यांनी ओळच खाली ढकलली आहे. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, डोळ्याने शिकवलं.

संगणकावर आपण काय करतो? देवनागरीच्या युनिकोडात संगीताची म्हणून वेगळी चिन्हं नाहीत, तेव्हा उसनवारी. तार सप्तकासाठी अनुस्वार: सां, रें, गं. मंद्रासाठी नुक्ता: ध़, ऩ. मंद्र रिषभासाठी ऱ, म्हणजे आपल्या 'दऱ्याखोऱ्या'तला! कोमलासाठी कुणी अक्षर अधोरेखित करतं, कुणी वैदिक अनुदात्ताची रेघ घेतं: ग॒, ध॒. तीव्र मध्यमासाठी वैदिकांचीच वरची उभी रेघ: म॑. ही शेवटची उसनवारी मला आवडते. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी आणि स्वरितावर उभी रेघ असते. वेदपठणाची रेघ शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्याच्या पुस्तकातल्या रेघेच्या मदतीला आली, यात काही तरी गंमत आहे.

पण उसनं आणलेलं चिन्ह आपल्या गरजेचं नसतं. नुक्ता आणि अनुदात्त एकाच अक्षराखाली येतील अशी कल्पना फाँट काढणाऱ्याने केलेली नसते. ध़॒ असं लिहून पाहा. काही फाँटांत रेघ ठिपक्यावरच बसते, काहींत ठिपका रेघेला चिकटतो. अधोरेखन वापरलं तर दुसरीच तऱ्हा. अलीकडचे ब्राउझर अक्षराचा भाग खाली लोंबत असेल तर तिथे अधोरेखा तोडतात, इंग्रजीतल्या जी आणि वायच्या शेपट्या मोकळ्या दिसाव्यात म्हणून. इंग्रजी वाचणाऱ्याची सोय झाली. आमच्या मंद्र धैवताखाली मात्र रेघेचे दोन तुकडे होतात, आणि तो कोमल आहे की शुद्ध याचाच संशय येतो.

आता पडद्याचा हिशेब. साधा मॉनिटर एका इंचात साधारण ९६ ठिपके, म्हणजे पिक्सेल, दाखवतो असं धरून संगणक चालतो. लेझर प्रिंटर इंचात ३०० किंवा ६०० ठिपके टाकतो. १२ पॉइंटाचं अक्षर पडद्यावर १६ पिक्सेलांच्या उंचीत बसवायचं. त्यात मात्रा वेलांट्यांना वर जागा, शिरोरेषा, मग अक्षराचं शरीर. खाली उरतात दोन-तीन पिक्सेल. त्यात रेघेला एक, ठिपक्याला एक, आणि दोघांच्या मध्ये फट ठेवायला एक. म्हणजे कसंबसं जमलं तर जमलं. एवढ्यात संगणक कडा गुळगुळीत करायला म्हणून आजूबाजूचे पिक्सेल करडे करतो, आणि ती एका पिक्सेलाची फट करडी होते. झालं! डोळ्याला एकच जाड रेघ दिसते.

हे दुखणं फक्त आपलंच, असं मी समजत होतो. तो गैरसमज आमच्या वाड्यापलीकडच्या व्हायोलिनच्या मास्तरांनी दूर केला. ते इगर्जीच्या क्वायरला शिकवतात. स्वतः लहानपणी तिथेच सोलफा आणि व्हायोलिन शिकले. गोव्यात चर्चच्या शाळांनी कित्येक पिढ्या पोरांना पाच रेषांची लिपी वाचायला शिकवली. त्या जोरावर आमची माणसं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा गोवेकरांनी ती कागदावर मांडून पन्नास वादकांसमोर ठेवायची. गोन्साल्विस माजोर्ड्याचे, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ते सगळे कागद हाताने लिहिलेले. वादक स्टँडपासून हातभर लांब बसलेला, आणि दोघांत एक स्टँड. तरी चूक होत नसे, कारण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हे कुठून वाचलं जाणार आहे.

मास्तरांना मी माझं रडगाणं सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांचा संगणक दाखवला. २०२० साली टाळेबंदीत त्यांनी पोरांना स्कॅन केलेली पानं पाठवायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो रेगो न्हय बाब, हो धुंवर!" या रेषा नव्हेत, हा धूर. बरोबरच होतं. पाचांतल्या दोन रेषा काळ्या, तीन करड्या. मधली अंतरं एक मोठं, एक लहान. कुठला स्वर रेषेवर आहे आणि कुठला दोन रेषांच्या मध्ये, हे ओळखायला पोराने नाक पडद्याला लावायचं. आणि पाश्चात्त्य लिपीत स्वर कोणता, ते बिंदू रेषेवर आहे की फटीत एवढ्यावरच तर ठरतं.

हा दोष कसा होतो ते समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण त्याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. छापील संगीतात पाच रेषांच्या पट्टीची नेहमीची उंची २० पॉइंट, म्हणजे सात मिलिमीटर. पडद्यावर त्याचे होतात २६.६७ पिक्सेल. पाच रेषांमध्ये फटी चार. भागिले चार केलं की एका फटीला ६.६७ पिक्सेल. आता पिक्सेल काही तोडता येत नाही. मग संगणक एक तर ७, ६, ७, ७ अशी अंतरं देतो, किंवा रेघ दोन पिक्सेलांत वाटून तिला करडी करतो. रेषेची जाडी मुळात फटीच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे एका पिक्सेलाहून कमी. ती दोघांत वाटली की धूरच होणार.

पण तेच पान १०० टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांवर आणा. पट्टी बरोबर २४ पिक्सेल, फट बरोबर ६. सगळ्या रेषा एकदम सारख्या. १०५ टक्क्यांना फट ७, १२० टक्क्यांना ८. म्हणजे दर १५ टक्क्यांनी एक पिक्सेल वाढतो, आणि मधले सगळे आकडे कुचकामी. त्यात १०० टक्के हा आकडा, जो संगणक आपणहून देतो, तो नेमका मधलाच! मास्तरांच्या संगणकावर मी ९० करून दाखवलं. लिपी लहान झाली आणि तरी स्पष्ट झाली. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. (स्कॅन वाकडा असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, आणि त्यांचे निम्मे स्कॅन वाकडे होते. तो वेगळा विषय.)

मला यात चीड येते ती याची, की हा पहिला नियम माणसाला कित्येक शतकं माहीत होता. युरोपात धातूच्या मऊ पत्र्यावर संगीत कोरत, तेव्हा कोरणारा पाच दातांचं एक अवजार घेऊन पाचही रेषा एकाच ओढीत काढी. अंतर कमी-जास्त व्हायची सोयच नाही. मग उलट्या अक्षरात, आरशात दिसतं तसं, एकेका चिन्हाचा ठसा हातोडीने ठोकायचा. कारागिराला तयार व्हायला वर्षं लागत. त्याच्या अवजारातच जी हमी होती ती आपण संगणकावर येताना वाटेत कुठे तरी टाकून दिली.

का टाकली, तर संगणकाच्या माणसाच्या मनात पडदा हे शेवटचं ठिकाण नव्हतंच. ॲडोबी कंपनीने १९८६ साली 'सोनाटा' हा संगीतचिन्हांचा फाँट काढला तो लेझर प्रिंटरसाठी. पडदा हा फक्त कच्चा खर्डा, खरं काय ते कागदावर. त्या काळी ते बरोबरच होतं. आणि गंमत अशी की त्या काळच्या पडद्यासाठी चिन्हं एकेक पिक्सेल हाताने मांडून काढत. मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ ठिपक्यांचा. २४ पॉइंटाची पट्टी म्हणजे २४ पिक्सेल, फट ६. ओबडधोबड दिसे, पण रेषा म्हणजे रेषा आणि ठिपका म्हणजे ठिपका. पुढे सगळं गुळगुळीत करायची लाट आली. मायक्रोसॉफ्टचं क्लिअरटाइप १९९८ साली जाहीर झालं आणि त्याने इंग्रजी मजकूर खरोखर सुधारला. पण ते तंत्र प्रत्येक पिक्सेलातल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा उपयोग करून घेतं, आणि त्या पट्ट्या असतात शेजारी-शेजारी. म्हणजे फायदा आडव्या दिशेतला, उभ्या रेघांना. संगीताच्या पाच रेषा आडव्या! आमची शिरोरेषा आडवी, कोमलाची रेघ आडवी. त्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

काम करणारी माणसं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. 'लिलीपाँड' ही हॉलंडच्या दोघांनी सुरू केलेली फुकट प्रणाली जुन्या कोरीव छपाईची शोभा संगणकात आणायची म्हणून १९९६ पासून झटते आहे. 'म्यूझस्कोर' फुकट मिळतं आणि आमच्या मास्तरांसारख्याला पुरून उरतं. २०१३ साली 'ब्राव्हुरा' हा फाँट आला, त्याबरोबर संगीतचिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी एक व्यवस्थाही आली. हे सगळं उत्तमच. पण ही मंडळी सौंदर्याची परीक्षा घेतात तेव्हा पान कागदावर काढून किंवा झकास पडद्यावर पाहतात असा मला दाट संशय आहे. एखाद्या खेड्यातल्या वर्गात १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर, त्याहून वाईट म्हणजे उजेड येणाऱ्या खोलीतल्या प्रोजेक्टरवर, अर्ध्या स्वराच्या पोकळ बिंदूचं पोट भरून जातं आणि दोन मात्रांचा स्वर एका मात्रेचा वाटतो, हे त्यांच्या गावी नसतं. जलद स्वरांना जोडणाऱ्या दोन जाड दांड्यांमधली फट पडद्यावर दीड पिक्सेलाची असते. ती बुजली की दोन दांड्यांची एक होते आणि पोरगं निम्म्या वेगात वाजवतं. मास्तर पोराला रागावतात. पोराने काय करावं?

इथे दोन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात. पहिला, अहो आता फोनचे पडदे इतके बारीक झाले आहेत, हा प्रश्न उरलाय कुठे? फोनच्या पडद्यावर इंचाला तीनशेहून जास्त पिक्सेल असतात हे खरं. पण त्या पडद्यावर अख्खं पान हाताच्या तळव्याएवढं होतं, आणि तंबोरा किंवा व्हायोलिन हातात असलेल्या माणसाने ते कसं वाचायचं? शिवाय नवा पडदा एका घरात येतो तेव्हा जुना पडदा टाकला जात नाही, तो भाच्या-पुतण्यांकडे जातो, शाळेत जातो, देवळाच्या खोलीत जातो. गाणं शिकणारी पोरं त्याच पडद्यांसमोर बसलेली असतात.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा. आपलं गाणं गुरुमुखातून यायचं, लिपी पाहून कोण गातं? हे मी अण्णांच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय, आणि तरी त्यांनी वीस वर्षं वही लिहिली! लिपी हा सांगाडा आहे, मान्य. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याही लिपीत सापडणार नाही, तो गळ्यातून गळ्यातच जायचा. पण सांगाड्यात हातापायांची हाडं तरी जागच्या जागी हवीत ना? गुरू जवळ असेल तर तो चुकलेला ठिपका दुरुस्त करील. भाची बेळगावला आहे, अण्णा नाहीत, आणि मी फोनवर आहे म्हणून पकडलं. मी नसतो तर तिने तो अडाणा दरबारी म्हणून पुढे आपल्या पोरांना शिकवला असता, आणि वर सांगितलं असतं की आजोबांच्या वहीत असंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की पडद्यावर वाचण्यासाठी लिहायचं तर पडद्यासाठीच लिहावं. कागदाचं पान मनातून काढून टाकावं. शोभा नंतर. ज्या चिन्हाने स्वर बदलतो, सप्तक बदलतं, मात्रा बदलते, ते चिन्ह निदान दोन पिक्सेलांचं पूर्ण काळं असलंच पाहिजे, आणि त्याच्या चारी बाजूंना निदान दोन पिक्सेल पांढरे. एवढं जमत नसेल तर ओळीत स्वर कमी घ्यावेत, पान वाढवावं. पडद्यावर पान वाढवायला पैसे पडत नाहीत. बाकी कमानी, वळणं, कणस्वर यांनी उरलेल्या जागेत आपापली सोय पाहावी.

अण्णांच्या वहीसाठी मी हेच केलं. पुतण्याला संगणकातलं कळतं, त्याला पानभर दरबारी दिली आणि सांगितलं की या वहीत जसं दिसतं तसं दिसू दे. त्याने नुक्ता आणि अधोरेखन दोन्ही सोडून दिलं. प्रत्येक स्वराला एक चौकोन, चौकोनात अक्षर २८ पिक्सेलांचं. रेघ आणि ठिपका त्याने वेगळे, चित्रासारखे काढले: अक्षर, दोन पिक्सेल मोकळे, दोन पिक्सेलांची रेघ, पुन्हा तीन मोकळे, मग तीन गुणिले तीनचा चौकोनी ठिपका. हो, चौकोनी! गोल करायला गेलं की कडा करड्या होतात. पहिल्यांदा मला ते ओबडधोबड वाटलं. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं आणि तिथूनही वाचता आलं. एका पडद्यावर तीन ताल-आवर्तनं मावतात, त्याहून जास्त नाही. अण्णांच्या वहीतही एका पानावर फार मावत नसे.

तोटाही सांगतो. हे चित्र आहे, मजकूर नाही. त्यात 'कोमल निषाद' असं शोधता येत नाही, दुसऱ्या फाँटात नेता येत नाही, आणि आंधळ्या विद्यार्थ्याला संगणक ते वाचून दाखवू शकत नाही. म्हणून पुतण्याने चित्रामागे साध्या अक्षरांत प्रत्येक स्वर लिहून ठेवला आहे, 'मंद्र कोमल नी' असा. भातखंडे लिपीला युनिकोडात स्वतःची हक्काची चिन्हं मिळाली तर ही कसरत वाचेल. आमच्याकडे कला अकादमीत १९७० नंतर एकाच संस्थेत पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी, दोन्ही संगीतं शिकवायला लागले. दोन्हीकडचे मास्तर एकाच पडद्याशी झगडताहेत. त्यांनी एकदा एका टेबलाशी बसावं असं मला फार वाटतं. आमचे क्वायरचे मास्तर तर यायला तयार आहेत.

भाचीला नवं पान पाठवलं. दोन दिवसांनी तिने गाऊन पाठवलं. ठिपके दिसले होते. खर्जात तिचा आवाज अजून पोचत नाही, निषादापर्यंत कसाबसा जातो आणि धैवतावर नुसती हवा येते. पण ती खाली गेली.

आता वहीची एकतीस पानं झाली आहेत, बरीच शिल्लक आहेत. चौतिसाव्या पानावर अडलोय. तिथे एका निषादाखाली रेघ आहे आणि रेघेखाली एक काळं टिंब. भिंग लावून पाहिलं. शाईचा ठिपका असेल, नाही तर कसरीने पाडलेलं भोक आणि त्यातून दिसणारी मागच्या पानाची शाई. ग्वाल्हेरला आत्या आहे, अण्णांची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली. लहानपणी ती अण्णांच्या पेटीशेजारी बसून सगळं ऐकायची. परवा तिला फोन लावला आणि ती ओळ म्हणून दाखवली, एकदा वरून, एकदा खालून. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "पुन्हा म्हण बघू. पण सावकाश म्हण, अण्णा इतक्या घाईत नव्हते म्हणत."